‘मेंदूचा चांगला डॉक्टर कोण हाय?’

इचलकरंजीत कुणाला फिट आली की पहिल्या तासाभरात घरात चार सल्ले हजर असतात. ‘मिरजेला न्या, तिथं सगळे स्पेशालिस्ट हायत.’ ‘कोल्हापुरात एक जण लई भारी हाय.’ ‘बेळगावला दाखवा, आमच्या मेव्हण्याला तिथंच गुण आला.’ आणि दारात उभं राहून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘एकदा वाडीला नेऊन आणा की.’ सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या चौघांपैकी एकही जण हे विचारत नाही की पेशंटला नेमकं झालंय काय.

मग मोबाइल आपल्या हातात येतो. घरातली दवाखान्याची फाइल, अपॉइंटमेंट, मेडिक्लेमचं कार्ड, ‘जवळचा न्यूरोलॉजिस्ट’ असं टाइप करून शोधणं, हे सगळं हल्ली आपल्याच वयाच्या पोरापोरींकडं आलेलं आहे. आई-वडिलांना फॉर्म भरायचा कंटाळा आणि काकांना फोनवर स्टार बघता येत नाहीत. त्यामुळं ‘मेंदूचा डॉक्टर’ निवडायची वेळ आली की निर्णय मोठ्यांचा असला तरी शोध आपला असतो. हा लेख त्या शोधासाठी आहे. यात कुठल्याही डॉक्टरांचं नाव सुचवलेलं नाही, कारण नाव सगळ्यात शेवटी येतं.

स्टारचं आधीच सांगून टाकते. ऑनलाइन मिळालेले चार-पाच स्टार बहुतेक वेळा पार्किंग, रिसेप्शनवरच्या मॅडमचं बोलणं आणि नंबर लागायला लागलेला वेळ यांना दिलेले असतात. ते वाचा, करमणूक होते. आजाराबद्दल त्यातून फार काही कळत नाही.

पाटीवरची अक्षरं

आपल्याकडं ‘मेंदूचा डॉक्टर’ या एका शब्दात किमान तीन वेगळे डॉक्टर कोंबलेले आहेत. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायूंच्या आजारांवर औषधांनी उपचार करणारा. फिट, लकवा, मायग्रेन, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश हे त्याचं क्षेत्र. काही ठिकाणी पाटीवर ‘न्यूरो फिजिशियन’ असं लिहितात, अर्थ तोच. न्यूरोसर्जन म्हणजे ऑपरेशन करणारा. डोक्याला मार लागून रक्तस्राव झाला, मेंदूत गाठ निघाली, मणक्यात नस जास्तच दबली, की त्याच्याकडं जायचं. आपल्या जिल्ह्यात कणेरी मठाच्या सिद्धगिरी रुग्णालयाचं नाव मेंदूच्या ऑपरेशनसाठी घेतलं जातं, ते या दुसऱ्या गटातलं काम. आणि तिसरा मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. नैराश्य, भास, प्रचंड भीती, व्यसन यांसाठी तो. मनाच्या त्रासासाठी लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, ती फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

हे तिघं एकमेकांकडं पेशंट पाठवतातही. पण पहिला नंबर चुकीच्या दारात लागला की दिवस वाया जातो, आणि यंत्रमाग कामगाराच्या घरात दिवस वाया जाणं म्हणजे खाडा.

पाटीवर नावाखाली जी अक्षरं असतात ती वाचायला शिकणं फार अवघड नाही. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमडी (बहुतेक मेडिसिन, काहींचं बालरोग), आणि त्यानंतर आणखी तीन वर्षांचं डीएम न्यूरोलॉजी. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर. डीएमच्या जागी ‘डीएनबी न्यूरोलॉजी’ किंवा अलीकडं ‘डीआरएनबी’ असेल तरी चालतं, ती बरोबरीची पदवी आहे. सर्जनच्या नावापुढं ‘एमसीएच न्यूरोसर्जरी’ असतं. नुसतं ‘एमडी मेडिसिन’ असेल तर ते डॉक्टर फिजिशियन आहेत, न्यूरोलॉजिस्ट नाहीत. ते कमी दर्जाचे असं अजिबात नाही, आणि पुढं त्यांचंच काम किती महत्त्वाचं आहे ते येईलच. पण ‘न्यूरोथेरपी सेंटर’ अशी पाटी दिसली तर तिथं एमबीबीएस डॉक्टर आहे का, हे आधी विचारा. न्यूरो फिजिओथेरपी ही लकव्यानंतर खरोखर लागणारी गोष्ट आहे, पण आजार कोणता हे ठरवणं तिचं काम नाही.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायला हवा, असा नियम आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव टाकलं की नोंदणी आहे का, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. आपण तीनशे रुपयांचे शूज घेताना यापेक्षा जास्त चौकशी करतो.

‘नस’ या शब्दाचा गोंधळ

मराठीत एक अडचण आहे, तिच्याकडं फारसं कुणी लक्ष देत नाही. आपण ‘नस’ म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक रक्त वाहून नेणारी शीर आणि दुसरी संवेदना वाहून नेणारी चेतातंतू. ‘पायाच्या नसा फुगल्यात’ आणि ‘पायाची नस दबलीय’ या दोन वाक्यांत नस हा शब्द एकच आहे, डॉक्टर मात्र वेगळे. मागावर दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या, वळणावळणाच्या शिरा फुगून येतात. त्या व्हेरिकोज व्हेन्स, त्याचा डॉक्टर सर्जन किंवा रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ. कंबरेतून पायात कळ उतरते, पाय बधिर होतो, ती दबलेली नस. आणि दोन्ही तळपायांना मुंग्या येऊन आग होत असेल तर आधी रक्तातली साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. हे काम तुमचा फॅमिली डॉक्टर करू शकतो, त्यासाठी मिरज गाठायची गरज नाही.

चक्करचंही तसंच. कूस बदलली किंवा मान वर केली की काही सेकंद घर गरगर फिरतं, ही चक्कर बऱ्याचदा कानाच्या आतल्या भागातून येते. तिचा डॉक्टर कान-नाक-घसावाला. मे महिन्यात शेडमध्ये तास न् तास उभं राहून डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला आणि माणूस खाली बसला, तर बहुधा ती साधी भोवळ. उलट चालताना तोल जातोय, एकाच्या दोन वस्तू दिसतायत, बोलणं जड झालंय आणि त्यासोबत चक्कर आहे, तर ती मेंदूचीच समजून पळा.

डोकेदुखीवर आपली पिढी स्वतःच डॉक्टर झालेली आहे. परीक्षा आली की मेडिकलमधून पट्टी आणायची. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळी खाल्ली तर त्या गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं, हे मात्र मेडिकलवाला सांगत नाही. मायग्रेन फिजिशियनही सांभाळू शकतो. पण आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक दुखलं, सोबत ताप आणि मान ताठ, किंवा हातापायातली ताकद गेली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आणि एक उदाहरण आपल्या शेजारचंच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट एकामागून एक सापडायला लागले. आकडा दोनशेच्या पुढं गेला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवर उलटते. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायात मुंग्या, पायातली शक्ती जाणं, आणि ते वर वर चढत जाणं. काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. दूषित पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू याला निमित्त ठरू शकतो. पाण्याचा विषय इचलकरंजीला नव्यानं सांगायला नको. अशा वेळी ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू’ यात दोन दिवस गेले तर महाग पडतं. दोन्ही पायांची ताकद तासागणिक किंवा दिवसागणिक कमी होतेय, एवढं वाक्य डॉक्टरला स्पष्ट सांगता आलं तरी पुढचं चक्र वेगानं फिरतं.

बघणारा कोण होता?

माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा भाऊ यंत्रमागावर कामाला आहे. नाव छापू नको म्हणाली. वय चोवीस. रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास मागांच्या मधल्या गल्लीत तो कोसळला. हात-पाय ताठ झाले, झटके आले, तोंडातून फेस. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. कुणीतरी दातखीळ सोडवायला चमचा घातला, त्यात दाताचा तुकडा पडला. नशीब एवढंच की फिरत्या पट्ट्यापासून दोन हात लांब पडला होता.

घरच्यांनी उधारी करून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव इथं महत्त्वाचं नाही. पाच तास बसल्यावर नंबर लागला, एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून सगळे खूश होऊन परतले. सव्वा महिन्यानं पुन्हा फिट आली.

एमआरआय नॉर्मल म्हणजे फिट नाही, असं नसतं. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. फिट हा मेंदूतल्या विजेचा गोंधळ आहे, रचना ठीक असूनही तो होतो. वीज मोजणारी तपासणी म्हणजे ईईजी. पण तीसुद्धा वीस-तीस मिनिटांपुरती खिडकी उघडून बघण्यासारखी. अपस्मार असलेल्या साधारण निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. मग निदान कशावरून होतं? बघणाऱ्याच्या गोष्टीवरून. पेशंटला स्वतःला काहीच आठवत नसतं. म्हणून या आजारात सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट कागदावर नसतो, तो शेजारच्या मागावर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो.

मैत्रिणीच्या घरच्यांनी दुसऱ्या वेळी ज्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी फाइल बाजूला ठेवून आधी विचारलं, पडताना बघितलं कोणी? घरातल्या कुणीच बघितलं नव्हतं. मग जॉबरला फोन लावला. सुरुवात एका बाजूनं झाली का? मान कुठं वळली? डोळे उघडे होते की मिटलेले? किती वेळ चाललं? शुद्धीवर आल्यावर ओळखत होता का? जीभ चावली होती का, आणि कुठं, कडेला की टोकाला? दुसरी फिट घरी आली होती, तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ वहिनीनं काढला होता. सासरच्यांनी तिला त्यावरून बोल लावला होता, माणूस तडफडतोय आणि ही शूटिंग करतेय म्हणून. डॉक्टरांनी तोच व्हिडिओ तीनदा बघितला.

हीच माझ्या मते निवडीची पहिली कसोटी. तुमचा न्यूरोलॉजिस्ट बघणाऱ्याला बोलू देतो का? की तुम्ही खुर्चीत टेकायच्या आत एमआरआयची चिठ्ठी फाडतो? मशीन लागतातच, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण काय शोधायचंय हे आधी ठरलं तर मशीनचा उपयोग.

आपल्याच राज्यातला दाखला द्यायचा तर डॉ. नोशीर वाडियांचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरोलॉजीचा विभाग उभा केला. १९७१ मध्ये त्यांनी सहकारी डॉ. स्वामींबरोबर नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार जगापुढं मांडला. तोल जाणं तर त्यात होतंच, पण वेगळी खूण अशी की या पेशंटचे डोळे एका वस्तूवरून दुसरीवर फार सावकाश सरकत होते. तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅनसुद्धा भारतात नव्हता. पेशंटसमोर बसून, त्याच्या डोळ्यांकडं बघून सापडलेली ही गोष्ट पुढं जनुकीय तपासणीनंही पक्की झाली. तेव्हा तुमचा डॉक्टर टॉर्च, हातोडी घेऊन पाच मिनिटं तपासत असेल, चालून दाखवा म्हणत असेल, तर ‘हे काय जुनं-पुराणं’ असं मनात आणू नका.

रात्रपाळी आणि गोळी

फिट ही एका भेटीत मिटणारी गोष्ट नाही. गोळी सुरू झाली की सहसा निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही, तरच ती कमी करायचा विचार होतो. तोवर डोस बदलतो, रक्त तपासावं लागतं, पुरळ आलं किंवा सुस्ती आली तर कुणाला तरी विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर शंभरातले सत्तरपर्यंत पेशंट फिटमुक्त राहू शकतात. यातला ‘योग्य’ हा शब्द गोळ्यांच्या पट्टीपेक्षा मोठा आहे. त्यात गोळी न चुकता मिळणं येतं, झोप येते, आणि परत जाऊन दाखवणं येतं.

म्हणून दुसरी कसोटी: या डॉक्टरकडं मी परत परत जाऊ शकतो का? इचलकरंजीचं एक बरं आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज तिन्ही आपल्यापासून तासा-दीड तासाच्या आत. मिरजेत तर १८९४ पासून वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज, त्यामुळं दवाखान्यांचं गाव अशी तिची ओळख आपल्या आज्यांपासून आहे. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सीपीआर. गावात आयजीएम. पण तासाभराचा रस्ता, बसची वाट, ओपीडीची रांग, औषधाची रांग मिळून दिवस जातोच. पेशंटबरोबर एक जण लागतो, म्हणजे दोन खाडे.

गावातल्या दवाखान्यांवर बोर्ड असतात, पुण्याचे किंवा कोल्हापूरचे न्यूरोलॉजिस्ट महिन्याच्या अमुक रविवारी उपलब्ध. ही सोय चांगलीच आहे. फक्त पहिल्याच भेटीत एक विचारून घ्या. बुधवारी रात्री फिट आली तर मी कुणाला फोन करायचा? ‘इथल्या अमुक फिजिशियनना मी चिठ्ठी लिहून देतो, ते माझ्याशी बोलतील’ असं उत्तर आलं तर जोडी जमली. वर म्हटलं होतं ते एमडी मेडिसिनवाले इथं लागतात. लांबचा न्यूरोलॉजिस्ट दिशा ठरवतो आणि जवळचा फिजिशियन गाडी चालवतो, ही व्यवस्था आपल्यासारख्या गावाला परवडणारी आहे. मुंबईच्या केईएमला किंवा बेंगळुरूच्या निमहान्सला नक्की जावं, पण पहिल्याच दिवशी नव्हे. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील, ऑपरेशनचा विचार करायचा असेल, निदानच लागत नसेल, तेव्हा तिकीट काढा. आणि जाताना गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा.

झोपेचं काय? फिटच्या प्रत्येक पेशंटला ‘पुरेशी झोप घ्या’ असं सांगतात. झोपमोड झाली की फिट यायची शक्यता वाढते, हे खरंच आहे. पण एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी करणाऱ्याला हे वाक्य सांगून डॉक्टर मोकळा झाला, तर त्या सल्ल्याचं करायचं काय? मैत्रिणीच्या भावाला डॉक्टरांनी विचारलं, पाळी कोणती? मग मालकाला दाखवायला चिठ्ठी लिहून दिली, रात्रपाळी आणि उघड्या पट्ट्याजवळचं काम नको म्हणून. मालकानं कुरकुर करत त्याला दिवसा कापड तपासायच्या कामावर घेतलं. पगार कमी झाला. त्या घरात याचा आनंदही आहे आणि राग पण आहे.

खर्चाचं आधी विचारायची लाज वाटू देऊ नका. ‘डॉक्टर, ही गोळी महिन्याला कितीची पडेल, आणि जनऔषधीत मिळेल का?’ हा प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडत नाही, तो पुढंही चिडणार नाही. फक्त फिटच्या गोळीची कंपनी दर महिन्याला मेडिकलवाल्याच्या मर्जीनं बदलू देऊ नका, बदलायची तर डॉक्टरांना सांगून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांचं. दर महिन्याच्या गोळ्या त्यातून सुटत नाहीत. दवाखाना योजनेत आहे का आणि आपला आजार यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारायचं. बिल झाल्यावर विचारून भांडण होतं, पैसे मिळत नाहीत.

मुलींनी तर आणखी एक विचारायलाच हवं. फिटवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात चालू असलं तर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना शक्य तिथं दुसरं औषध देतात. घाबरून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, अचानक बंद केली तर फिट उसळून येते. पण ‘तीन वर्षांत लग्न करायचं ठरलं तर हेच औषध चालेल का?’ असं विचारा. आई सोबत आहे म्हणून लाजू नका. डॉक्टरनं हा विषय स्वतःहून काढला, तर त्या डॉक्टरला माझे पाच स्टार.

लग्नाचं निघालंच आहे तर. आपल्याकडं फिट लपवून लग्न लावतात, मग सून सासरी चोरून गोळी खाते, कधी चुकवते, आणि मग सगळ्यांसमोर पडते. एके काळी कायदाही तिच्या विरोधात होता. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट लग्नाला आड येत होत्या. १९९९ च्या दुरुस्तीनं तो उल्लेख काढून टाकला. कायदा सुधारून पंचवीस वर्षं उलटली, बायोडेटा बघणारे मामा-काका अजून तिथंच आहेत. गाडीचं मात्र वेगळं. लायसन्सच्या अर्जासोबत जे स्वयंघोषणापत्र भरतात, त्यात फिटबद्दल सरळ प्रश्न असतो. तिथं खोटं लिहून बुलेट चालवणं म्हणजे स्वतःबरोबर रस्त्यावरच्या लोकांचाही जीव टांगणीला.

आणि वाडीला जायचं की नाही? दत्ताचं दर्शन घेऊन मन शांत होत असेल तर जरूर जा. प्रसादासोबत सकाळची गोळीही घ्या. पण कुणी धूर देतो, मारतो, डाग देतो म्हणाला, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

लकव्याला निवड नसते

आतापर्यंत शोधा, विचारा, तपासा असं म्हणत आले. लकव्याला यातलं काहीच करायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलताना खाली पडतोय, जीभ अडखळतेय, अचानक एका डोळ्यानं दिसेना किंवा तोल गेला, यातलं एक जरी झालं तरी घड्याळ सुरू. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावंच लागतं, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतेल. मोठी गुठळी असेल तर काही पेशंटमध्ये ती नळी घालून काढता येते, त्याला थोडा जास्त अवधी असतो, पण त्या सोयीची केंद्रं मोजकी. उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

त्यामुळं इथं ‘भारी डॉक्टर कोण’ हा प्रश्नच बाद. चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन द्यायची तयारी असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, एवढंच. हे त्या रात्री शोधायचं नसतं. बीपी, शुगर असलेलं माणूस घरात असेल तर या आठवड्यातच दोन दवाखान्यांत फोन करून विचारून ठेवा आणि नंबर सेव्ह करा. घरातल्या घरात तेल चोळत बसणं, ‘सकाळी बघू’, लकव्याचं गावठी औषध आणायला माणूस पाठवणं, यात तेच साडेचार तास जातात. दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, शेवटचं ठीकठाक कधी बघितलं होतं? झोपेतून उठल्यावर लकवा दिसला, तर रात्री झोपताना किती वाजले होते ती वेळ सांगायची. ती वेळ लक्षात ठेवणारं माणूस घरात असू द्या.

चौकट : समोर कुणाला फिट आली तर

घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू, गरम किटली, गाडी, माग बाजूला करा किंवा बंद करा. डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, जमेल तसं कुशीवर वळवा. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंड यांचा काही उपयोग नाही. एकानं मदत करावी आणि दुसऱ्यानं व्हिडिओ काढावा, चेहरा आणि चारी हात-पाय दिसतील असा. तो डॉक्टरला दाखवायचा असतो, ग्रुपवर टाकायचा नसतो. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एक संपून शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.